काळ्या पाण्यावरील सामान्य बंदी : वंशशोध आणि मराठी साहित्य

प्रस्तावना :
१७८८ ते १८६८ या काळात मुख्यतः इंग्लंड व आयर्लंडमधून सुमारे १,६२,००० बंदी ऑस्ट्रेलियात पाठविले गेले. बंदी पूर्वज असणे हा तेथे दीर्घकाळ कुळाचा कलंक मानला जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र त्याचा शोध अभिमानाचा विषय झाला. जहाजवार याद्यांमधील नाव, वय, व्यवसाय व जन्मस्थान यांमुळे हा शोध शक्य होतो. भारतातून मार्च १८५८ पासून अंदमानात पाठविलेल्या बंद्यांच्या वंशजांना मराठी साहित्य कितपत साहाय्यभूत ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
‘माझी जन्मठेप’ (१९२७) हा या विषयावरील मराठीतील सर्वांत प्रभावी ग्रंथ होय. १९११ ते १९२१ या काळात अंदमानात असलेल्या वि. दा. सावरकरांनी कोलू, काथ्याचे काम व एकांत कोठडी यांचे प्रत्ययकारी चित्रण केले आहे. तथापि या आत्मकथनात नाव, विचार व पूर्वेतिहास लाभतो तो प्रामुख्याने राजबंद्यांना. सामान्य बंदी बहुधा समूहाचा घटक म्हणूनच येतो.

‘काळे पाणी’ (१९३७) या कादंबरीत सावरकरांनी ही उणीव काही अंशी भरून काढली आहे. तिच्या केंद्रस्थानी मालती व किशन ही राजकारणाशी संबंध नसलेली माणसे आहेत. परंतु वाचकाच्या सहानुभूतीस पात्र होण्यासाठी त्यांना मूळचे सज्जन असावे लागते. सराईत गुन्हेगार खलपात्रच राहतो. वंशजाला मात्र पूर्वज निर्दोष असावा, अशी अट घालता येत नाही.

शिक्षेचा ठरावीक काळ पार पडल्यावर अंदमानातील बंद्यांना स्वतंत्र उपजीविकेची व प्रशासनाच्या संमतीने विवाहाची मुभा मिळे. भिन्न जाती व प्रांतांतील स्त्री-पुरुषांच्या अशा विवाहांतून ‘लोकल बॉर्न’ समाज घडला व हिंदुस्थानी ही त्याची बोली झाली. परिणामी जात, मातृभाषा व मूळ गाव हे वंशशोधाचे नेहमीचे दुवे क्षीण झाले.

मुख्य भूमीवरही अडचण आहेच. इंग्रजी अमलात वाशीम हा ‘बासिम’ नावाने स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून आजचा वाशीम जिल्हा निर्माण झाला. त्यामुळे येथील बंद्याचा शोध घेणाऱ्यास कागदावरील जिल्ह्याचे नाव व सीमा दोन्ही काळानुसार वाचाव्या लागतात.

निष्कर्ष :
मराठी साहित्याने काळ्या पाण्याची यातना जपली. सामान्य बंद्याची ओळख मात्र पुरेशी जपली नाही. राजबंद्यांच्या त्यागाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. परंतु चोरी, मारामारी वा खुनासाठी गेलेला माणूसही कोणाचा तरी पणजोबा होता. क्लेअर अँडरसन यांनी ‘सबाल्टर्न लाइव्ह्ज’ (२०१२) मध्ये विखुरलेल्या नोंदींतून अशी आयुष्ये जुळविली आहेत. वऱ्हाडातील महसुली व न्यायालयीन कागद आणि घराघरांतील आठवणी यांच्या आधारे तसा अभ्यास मराठीतही व्हावयास हवा. लाजेपोटी वंशावळीतून गाळलेली नावे त्याशिवाय परत मिळणार नाहीत.