बरोबरीत सुटलेल्यांचं काय करायचं?

28 जुलै 2025 ची ती क्लिप तुमच्याही फोनवर आली असेल. जॉर्जियातलं बातुमी शहर, महिलांच्या बुद्धिबळ विश्वचषकाची अंतिम लढत नुकतीच संपलेली, आणि नागपूरची दिव्या देशमुख आईच्या मिठीत रडतेय. मीही ती पाहिली, फॉरवर्ड केली, स्टेटसला ठेवली. मग पुढचे काही दिवस या लढतीबद्दल मराठीत जे सापडेल ते वाचत सुटले, आणि वाचता वाचता आनंदाची जागा चिडचिडीनं घेतली.

जवळपास सगळीकडे एकच गोष्ट होती: 19 विरुद्ध 38. दिव्याच्या वयाच्या बरोबर दुप्पट कोनेरू हंपीचं वय, त्यामुळे मथळा आयताच तयार. मग पुढचं वाक्यही ठरलेलं. मोठ्या डावांत दोघी अडकल्या, टायब्रेकमध्ये खेळ वेगाचा झाला आणि तरुण मेंदूनं बाजी मारली. ऐकायला छान आहे. पण टायब्रेक ज्या जलद प्रकारात झाला, त्या प्रकाराची त्या दिवशीची जगज्जेती कोण होती? हंपीच. डिसेंबर 2024 मध्ये न्यू यॉर्कला तिनं जागतिक जलद स्पर्धा दुसऱ्यांदा जिंकली होती. पहिल्यांदा 2019 मध्ये मॉस्कोत, आणि तेव्हा तर टायब्रेक खेळूनच. याच बातुमीत उपांत्य फेरीत लेइ तिंगजिएला तिनं हरवलं तेही टायब्रेकमध्ये. घड्याळ अंगावर आलं की वय आडवं येतं, हा त्या गोष्टीचा गाभा. तिच्याकडे नुसतं नजर टाकली तरी तो टिकत नाही.

झालं होतं ते असं. दोन मोठे डाव, दोन्ही बरोबरीत. पहिल्यात दिव्याच्या हातून चांगली संधी निसटली. मग प्रत्येकी पंधरा मिनिटं आणि दर चालीला दहा सेकंद जादा, असे दोन जलद डाव. त्यातला पहिलाही बरोबरीत. दुसऱ्यात दिव्या काळ्या मोहऱ्यांनी खेळत होती, घड्याळं संपत आली होती, चुका दोन्हीकडून झाल्या. शेवटची चूक हंपीची ठरली. एकूण गुण अडीच-दीड. चार डाव, त्यातले तीन बरोबरीत.

हा हिशेब मला महत्त्वाचा वाटतो, कारण ज्या एका डावानं कप कुणाकडे जाणार हे ठरवलं, त्याच डावावरून आपण उरलेले तिन्ही उलटे वाचत गेलो. दिव्याच्या बरोबऱ्या ‘संयमी’ झाल्या, हंपीच्या ‘हुकलेल्या’. डाव तेच, चाली त्याच.

मी भोर-वेल्ह्याकडची. (वेल्ह्याचं नाव आता राजगड तालुका झालंय, तोंडातून अजून वेल्हेच निघतं.) चैत्र-वैशाखात आमच्या खोऱ्यांतून जत्रा सुरू होतात. रात्री छबिना, दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्या. आम्ही पोरीबाळी आखाड्याच्या कडेला बसायची पद्धत तेव्हा नव्हती. देवळाच्या ओट्यावरून, नाहीतर शेजारच्या बांधावरून जे दिसेल ते बघायचं, उरलेलं हलगीच्या ठेक्यावरून ओळखायचं. सुरुवातीला पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर नाहीतर नारळावर, मग इनामाचे आकडे चढत जातात. आणि दरवर्षी एखादी तरी अशी कुस्ती असते की दोघं एकमेकांना हलवू शकत नाहीत. पाठीला माती लागत नाही, उजेड कमी होतो, मागच्या जोडी ताटकळत उभ्या असतात. मग पंच मध्ये पडतात, दोघांचेही हात वर करतात. कुस्ती बरोबरीत सोडवली. इनाम निम्मं निम्मं. दोघंही आखाड्याभोवती फिरतात आणि लोक दोघांच्याही हातावर नोटा ठेवतात.

या ‘सोडवली’ शब्दाकडे बघा. गुंता सोडवतात, भांडण सोडवतात, गणित सोडवतात. बरोबरी म्हणजे काम अर्धवट राहिलं असा सूर त्यात नाही. आणि दुसऱ्या दिवशी पारावर बोलणं निघतं ते कोण कमी पडलं याचं नसतं. ‘जोड चांगली लागली’, असं म्हणतात. जोड हा आखाड्याचा शब्द, आणि तो एकट्या पैलवानाला लावताच येत नाही. चांगल्या कुस्तीचं श्रेय दोघांना जातं, शिवाय जोड लावणाऱ्याला. क्रीडालेखनाच्या मराठीत मला असा शब्द सापडत नाही. तिथे ‘धूळ चारली’, ‘पाणी पाजलं’, ‘अस्मान दाखवलं’ हे सगळं आखाड्यातूनच उचललंय, पण जोड तेवढी मातीतच राहिली.

आता लगेच कुणी म्हणेल, झाला गावाचा गौरव सुरू. तर नाही. बरोबरीत सुटणाऱ्या कुस्त्यांत लबाडी पुष्कळ चालते. दोघांनी आधीच ठरवायचं, थोडा वेळ खडाखडी करायची, इनाम वाटून घ्यायचं. तिला नुरा कुस्ती म्हणतात आणि आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना ती लांबून ओळखू येते. बुद्धिबळातही हेच. वीसेक चाली खेळून हात मिळवायचे आणि विश्रांतीला जायचं, हा मोठ्या स्पर्धांमधला जुना आजार आहे. प्रेक्षकाला फसवलं गेल्याची भावना दोन्हीकडे सारखीच. म्हणून जत्रेच्या हँडबिलांवर ‘कुस्त्या निकाली होतील’ असं छापावं लागलं, आणि वेळ संपली की गुणांवर निकाल द्यायची पद्धत मातीतही शिरली. टायब्रेक आकाशातून पडलेला नाही. कप एक आहे, तो एकाच घरी जाणार, त्यासाठी काहीतरी कात्री लागतेच. माझा आक्षेप त्या कात्रीला माणसं मोजायची फूटपट्टी समजण्यावर आहे.

हे सर्वात उघडं पडतं ते गोल्फमध्ये. आमच्याकडे हा खेळ कुणी खेळत नाही, मीही तो फोनवरच शिकले, तेव्हा थोडक्यात: चेंडू कमीत कमी फटक्यांत खड्ड्यात घालायचा, असे अठरा खड्डे रोज, चार दिवस, म्हणजे एकूण 72. त्याच वर्षी 13 एप्रिलला, म्हणजे आमच्या जत्रांच्याच दिवसांत, अमेरिकेत ऑगस्टाला मास्टर्स स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. रोरी मॅकिलरॉयला जिंकायला शेवटच्या खड्ड्यावर जेमतेम पाच फुटांचा फटका हवा होता. तो चुकला. जस्टिन रोझनं त्या दिवशी 66 फटक्यांत फेरी संपवून त्याला गाठलं होतं. 72 खड्ड्यांनंतर दोघे समान. मग पुन्हा तोच अठरावा खड्डा, आणि तिथे मॅकिलरॉयनं एक फटका कमी घेतला. चारही मोठ्या स्पर्धा जिंकणारा तो इतिहासातला सहावा खेळाडू झाला. रोझ 2017 मध्येही याच मैदानावर, याच पद्धतीनं, सर्जिओ गार्सियाकडून हरला होता.

त्या रात्रीपासून मॅकिलरॉयची गोष्ट जिद्दीची झाली. पाच फुटांचा फटका चुकलेला तोच माणूस, तीच दुपार. प्लेऑफमध्ये एक फटका इकडचा तिकडे झाला असता तर त्याच दुपारची गोष्ट कचखाऊपणाची झाली असती, आणि रोझ जिद्दीचा पुतळा ठरला असता.

गंमत म्हणजे ही कात्रीसुद्धा सगळीकडे एक नाही. गोल्फच्या चार मोठ्या स्पर्धा आहेत आणि बरोबरी फोडायच्या पद्धती तीन. मास्टर्समध्ये एकेक खड्डा, जो पुढे जाईल तो जिंकला. यूएस ओपनमध्ये दोन खड्ड्यांची बेरीज. ब्रिटनची ओपन आणि पीजीए चॅम्पियनशिप इथे तीन खड्ड्यांची. यूएस ओपनमध्ये तर पूर्वी दुसऱ्या दिवशी नव्यानं अठरा खड्डे खेळवायचे. 2008 मध्ये टायगर वुड्स आणि रॉको मीडिएट सोमवारी असे उतरले, अठरा खेळूनही समानच राहिले, आणि एकोणिसाव्यावर वुड्स जिंकला. 2018 मध्ये ती पद्धत गेली. सोमवारी कोण बघणार? म्हणजे कोण ‘दबावाखाली खरा उतरतो’ हे काही अंशी रविवारच्या प्रक्षेपणाच्या वेळेवर ठरतं. आमच्या पंचांनाही उजेड बघावा लागतो, पण ते पैलवानाच्या काळजाबद्दल निवाडा देत नाहीत.

बातुमीत टायब्रेकवर काय पणाला लागलं होतं हेही नीट सांगितलं गेलं नाही. पुढच्या कँडिडेट्स स्पर्धेची जागा दोघींना अंतिम फेरीत आल्यामुळे आधीच मिळाली होती. उरलं होतं ते कप, बक्षिसातला फरक (विजेतीला 50 हजार डॉलर, उपविजेतीला 35 हजार, आमच्या पंचांनी 42,500 प्रत्येकी करून दोघींना घरी पाठवलं असतं), आणि दिव्यासाठी ग्रँडमास्टर किताब. हा शेवटचा भाग मोठा होता. स्पर्धेला येताना तिच्याकडे एकही ग्रँडमास्टर नॉर्म नव्हता, आणि विजेतीला किताब थेट मिळतो हा नियम. ती भारताची 88 वी ग्रँडमास्टर झाली. इतकं सगळं एका जलद डावावर टांगलेलं असताना ती खेळत राहिली, हे मला ‘तरुण मेंदू’पेक्षा कितीतरी मोठं वाटतं. शिवाय समोर जलद प्रकाराची जगज्जेती. हंपीला थकलेली, मावळती करून टाकलं की दिव्याचं यशच लहान होतं, हे लिहिणाऱ्यांच्या लक्षात कसं येत नाही?

आणि हंपी. 2002 मध्ये, पंधराव्या वर्षी ती ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही व्हायचा होता. भारतात या खेळात मुलींसाठी जी वाट आहे, ती तिच्या चालण्यानं पडली. तेवीस वर्षांनी ती त्याच वाटेवर उभी होती आणि चारपैकी तीन डावांत समोरचीला तिला हलवता आलं नाही. तिच्यावर त्या आठवड्यात मराठीत जे आलं ते बहुतेक एका ओळीचं: ‘हंपीनं चूक केली’. कोणती चूक, कोणत्या चालीवर, घड्याळात किती सेकंद उरले असताना, त्याआधीचे डाव तिनं कसे धरून ठेवले, पटावर तिला काय दिसत होतं, यातलं काही मला वाचायला मिळालं नाही. डाव नेटवर पडलेले आहेत, कुणालाही फुकट उघडता येतात. मी चौथा डाव लावून बसले आहे. मोहऱ्या कमी होत चालल्यात, आणि अजून कोण जिंकणार ते मला पटावरून सांगता येत नाही.