भाजीच्या पिशवीतला कॅमेरा

काश्मीरचा फोटो म्हटला की आपल्यापुढं दोनच चित्रं येतात. एक कॅलेंडरातलं : दल सरोवर, शिकारा, चिनार. माणूस गायब. दुसरं पेपरातलं : दगड, धूर, प्रेत. तिथं माणूस येतो, पण मरताना नाहीतर मेल्यावर. आपली वस्तीसुद्धा पेपरात जळाल्यावरच येते. म्हणून हा प्रश्न मला परका वाटत नाही.

५ ऑगस्ट २०१९. काश्मीरचा विशेष दर्जा काढला. फोन बंद, इंटरनेट बंद, रस्त्यावर तारा. असोसिएटेड प्रेसचे दार यासीन, मुख्तार खान आणि चन्नी आनंद यांनी त्या दिवसांत फोटो काढले. कॅमेरा भाजीच्या पिशवीत लपवायचा, अनोळखी माणसाच्या घरात आसरा घ्यायचा. काढलेले फोटो दिल्लीला पोचवायचे कसे? विमानतळावर जाऊन प्रवाशांना गळ घालायची, एवढं घेऊन जा म्हणून. २०२० साली त्यांना पुलित्झर मिळालं.

आता आपले रसिक म्हणतील, काय छायाप्रकाश आहे! असू दे. मला त्यातल्या मुख्तार खान यांच्या एका फोटोनं थांबवलं. डोळ्याला इजा झालेली एक लहान मुलगी आपल्या घराबाहेर उभी आहे. बस्स. दगड नाही, धूर नाही. घर आहे आणि जखम आहे.

माझं म्हणणं इथंच आहे. रोजच्या जगण्याचा फोटो दुधारी असतो. उघडं दुकान, शाळेला निघालेलं पोर दाखवून सरकारही म्हणतं, बघा, सगळं सुरळीत! मग खरा फोटो कुठला? पोर बंकरजवळून शाळेला चाललंय असं समजा. बंकर कापला की कॅलेंडर होतं. दप्तर कापलं की बातमी होते. दोन्ही एका चौकटीत राहिले तरच ते त्या पोराचं जगणं. माझी कसोटी एवढीच.

हे काम निरुपद्रवी आहे असं कुणी समजू नये. एप्रिल २०२० मध्ये मसरत झहरा या फोटोग्राफर मुलीवर सोशल मीडियावर टाकलेल्या मजकुरासाठी यूएपीएखाली गुन्हा दाखल झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सना इरशाद मट्टू पुलित्झर घ्यायला निघाल्या, तर दिल्लीच्या विमानतळावरच अडवलं. आणि ज्याचा फोटो काढला तो तर तिथंच राहतो! ज्या मुलखात झडतीच्या वेळी माणसांना मैदानात उभं करून ओळखपरेड झाली, तिथं चेहरा छापणं म्हणजे कुणालातरी पुढं करणंही असू शकतं. या जोखमीबद्दल आपली समीक्षा बोलतच नाही.

एक कबुली देतो. हे फोटो मीही बक्षीस मिळाल्यावरच नीट पाहिले. अमेरिकेनं शिक्का मारल्यावर आपले डोळे उघडतात, ही आपलीही गुलामी.

मित्रांनो, उद्या तुमच्या हातात कॅमेरा येईल, किंवा तुमच्यावर रोखला जाईल. तेव्हा आधी विचारा : कड कुठं कापली? कुणी कापली? कुणासाठी?