प्रलयोत्तर विज्ञानकथा आणि संभाव्यतेचा प्रश्न

दूरचित्रवाणीवरील प्रलयोत्तर विज्ञानकथेची चर्चा बहुधा एकाच प्रश्नापाशी अडते : दाखविलेला उत्पात विज्ञानाच्या कसोटीला उतरतो काय? हा प्रश्न अप्रस्तुत नाही. परंतु अपुरा आहे. अविश्वासाच्या स्वेच्छया स्थगितीची संकल्पना कोलरिजने १८१७ मध्ये मांडली, ती काव्यातील अलौकिकाच्या संदर्भात. त्यापूर्वी ॲरिस्टॉटलने असंभवनीय भासणाऱ्या शक्यापेक्षा संभवनीय भासणारे अशक्य श्रेयस्कर मानले होते. विज्ञानकथा या विचाराला एक अट जोडते : मूळ गृहीतक कितीही धाडसी असो, त्यातून निष्पन्न होणारे परिणाम लेखकाला टाळता येत नाहीत.

जयंत नारळीकरांच्या ‘हिमप्रलय’ या कथेत ही अट पाळलेली दिसते. मुंबईतील हिमवर्षाव वाचक स्वीकारतो, कारण ज्वालामुखीची धूळ, घटणारी सौर उष्णता आणि वातावरणातील हिमकण अशी कार्यकारणपरंपरा त्यामागे उभी आहे. ‘रेव्होल्यूशन’ (२०१२-१४) या अमेरिकन मालिकेत मात्र जगातील वीज एकाएकी नाहीशी होते आणि त्याचे कारण म्हणून वीज शोषणारे अतिसूक्ष्म यंत्रकण पुढे केले जातात. मग मानवी मज्जातंतूंतील विद्युत्संदेश अबाधित कसे, ही शंका उरतेच. तरीही प्रेक्षकाचा विश्वास तेथे ढळेलच असे नाही. पंधरा वर्षांनंतरही नीटनेटकी राहिलेली पात्रांची वस्त्रे पाहून तो अधिक सहज ढळतो. याउलट बीबीसीच्या ‘सर्व्हायव्हर्स’ (१९७५-७७) मध्ये महामारीच्या जीवशास्त्रापेक्षा, साधी वस्तूही मुळापासून घडविता न येण्याच्या जाणिवेला महत्त्व आहे. तेथे संभाव्यतेचा भार श्रमाच्या तपशिलावर पडतो.

हा तपशील पारखणारा प्रेक्षक कोण, हा प्रश्न येथे उद्भवतो. साखरशेत ज्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यात आहे, तेथे पावसाळ्यात मुसळधार पाऊस पडूनही उन्हाळ्यात अनेक पाड्यांवर पाणी दुरून डोक्यावर आणावे लागते. डोक्यावरचा हंडा, चुलीचा जाळ, विजेवाचूनची रात्र ही पडद्यावर संस्कृतीच्या अंताची चिन्हे ठरतात. येथे मात्र त्यांत दिनक्रम सामावलेला असतो. १९९२ मधील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंना तर कोणत्याही काल्पनिक उत्पाताची गरज पडली नव्हती. राब भाजून नागली-वरईची रोपे तयार करणारा येथील शेतकरी अशा कथेला विचारील : बियाणे कोणी राखले? लावणीला माणसे कोठून आली? हा आक्षेप भौतिकीच्या आक्षेपाहून कमी वैज्ञानिक नाही.

म्हणून संभाव्यता हा केवळ कथेचा गुणधर्म नव्हे. कथा आणि प्रेक्षकाचे अनुभवविश्व यांच्यातील तो संबंध आहे. ‘जग संपले’ या विधानातील जग कोणाचे, हे न विचारणारी समीक्षा सूत्रे तपासील. कथेची सत्यता मात्र तिच्या हाती लागणार नाही.