स्मारक-नाणी, त्यांची छायाचित्रे आणि मुद्रालेखाचा प्रश्न

नाण्यांचा संग्रह करणाऱ्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग करता येतात. पहिल्या वर्गाला नाण्यात इतिहासाचे साधन दिसते. राजवंश, कालगणना, टाकसाळ आणि तोल यांचा निर्णय हे त्याचे प्रयोजन. दुसरा वर्ग नाण्याकडे शिल्प म्हणून पाहतो. विशिष्ट प्रसंगाच्या वा व्यक्तीच्या स्मरणार्थ पाडलेली नाणी या दुसऱ्या वर्गाला विशेष प्रिय आहेत, आणि त्यांची छायाचित्रे काढणे हा त्याच्या छंदाचा अविभाज्य भाग होऊन बसला आहे. संग्रहातील मूळ नाणे फार थोड्यांच्या दृष्टीस पडते. छायाचित्र मात्र सर्वांपर्यंत पोचते. अशा स्थितीत छायाचित्रकाराने नाण्यात काय पाहिले आणि काय वगळले यावरच त्या नाण्याविषयीचे सर्वसाधारण मत ठरू लागते. म्हणून या छायाचित्रणाची चिकित्सा करणे अवश्य आहे.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, स्मरण हे कार्य केवळ आकृतीने साधत नाही. मुखवटा कोणाचा हे ओळखीच्या माणसाला सांगावे लागत नाही. पण कोणत्या निमित्ताने, कोणत्या वर्षी आणि कोणाच्या सत्तेने हे नाणे पाडले गेले, हे अक्षरांवाचून कळत नाही. तात्पर्य, स्मारक-नाण्यात आकृती आणि मुद्रालेख मिळून एकच वाक्य बनते. त्यातील एक पद गाळले तर उरलेले सुंदर दिसेल, परंतु वाक्य पुरे होणार नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण सिराक्यूजच्या दशद्रम्म नाण्यांचे आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या अखेरीस किमोन आणि युएनेटोस या कारागिरांनी कोरलेली, सुमारे ४३ ग्रॅम वजनाची ही रौप्यनाणी प्राचीन मुद्राकलेचा कळस मानली जातात. एका बाजूस भोवती डॉल्फिन असलेले स्त्रीमस्तक, दुसऱ्या बाजूस चार घोड्यांचा रथ. रथाखालच्या चिंचोळ्या पट्टीत चिलखत, शिरस्त्राण, ढाल अशी शस्त्रसामग्री असून तिच्यापाशी ‘आथ्ला’, म्हणजे ‘पारितोषिके’, हा ग्रीक शब्द कोरलेला आहे. आर्थर एव्हन्स याने १८९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या नाण्यांचा संबंध इ. स. पू. ४१३ मध्ये अथेन्सच्या सैन्यावर मिळविलेल्या विजयाशी आणि त्यानिमित्त सुरू झालेल्या क्रीडोत्सवाशी जोडला. हे अनुमान आज सर्वमान्य नाही. तथापि ते मांडता आले ते मुख्यतः त्या शस्त्रांच्या आणि त्या एका शब्दाच्या आधारावर. आता गंमत अशी की, पुष्कळ नमुन्यांत ठसा धातूच्या चकतीवर नेमका न बसल्यामुळे तो शब्द काठाबाहेर गेला आहे. केवळ मस्तकाच्या सौंदर्यासाठी नमुना निवडणारा छायाचित्रकार रथाची बाजू गाळतो, अथवा ज्या नमुन्यात मस्तक उत्तम उठले आहे पण शब्द नाही असा नमुना पुढे ठेवतो. अशा चित्रावरून नाण्याची रमणीयता कळते. ते स्मारक आहे की नाही हा वाद मात्र कळतच नाही.

छायाचित्र हे नाण्याची प्रतिकृती नसून त्याचे एक वाचन आहे, हे प्रकाशयोजनेवरूनही सिद्ध होते. नाण्यावरील उठाव मिलिमीटरच्या अंशांत मोजावा लागतो. प्रकाश फार कललेला असेल तर छाया लांबतात आणि उथळ काम खोल भासते. तो सर्व बाजूंनी सारखा पडला तर उठाव सपाट होतो. प्रकाश खालच्या बाजूने आल्याचा भास झाला तर उंचवटा खळग्यासारखा दिसू लागतो; म्हणूनच तो वरून, बहुधा डावीकडून, घेण्याची रूढी पडली. आरशासारखी पार्श्वभूमी असलेल्या नाण्यांसाठी भिंगासमोर पंचेचाळीस अंशांत काच धरून प्रकाश भिंगाच्याच दिशेने खाली सोडतात. त्यामुळे पार्श्वभूमी उजळते व अक्षरांच्या कडा काळ्या उठतात. पूर्वीच्या सूचिकार विद्वानांनी तर नाण्याऐवजी त्याच्या प्लास्टरच्या साच्याचे चित्र घेण्याची पद्धत स्वीकारली होती. तीत धातूची झळाळी आणि कीट यांचा लोप होतो, पण लेख आणि उठाव निःसंदिग्ध दिसतात. यांपैकी कोणतीही रीत निर्दोष नाही. प्रत्येकीत काही जोपासले जाते, काही गमावले जाते. मात्र गमावलेले कोणते हे सांगण्याचा प्रामाणिकपणा जुन्या सूचींत अधिक आढळतो.

प्रमाणाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. आंद्रे मालरो याने १९५१ च्या आपल्या ग्रंथात असे दाखविले की, छायाचित्राच्या विस्तारामुळे लहान कलावस्तूंना भव्य शिल्पाची प्रतिष्ठा प्राप्त होते. नाण्यांच्या बाबतीत हा लाभ आहे तसा धोकाही आहे. ऑगस्टस सेंट-गॉडेन्स या शिल्पकाराने अमेरिकेच्या वीस डॉलरच्या सुवर्णनाण्यासाठी १९०७ मध्ये केलेली रचना चित्रात पानभर मोठी करून दाखविली म्हणजे पुतळ्यासारखी भासते. परंतु तिचा इतिहास नेमका उलट गोष्ट सांगतो. मूळ उठाव इतका उंच होता की, तो पूर्णपणे उमटविण्यासाठी एकाच चकतीवर अनेक आघात करावे लागत. ती नाणी एकावर एक नीट रचताही येत ना. टाकसाळीच्या कोरक्याने, म्हणजे चार्ल्स बार्बर याने, उठाव कमी केला, आणि आरंभीचे रोमन अंकांतील वर्षही नेहमीच्या अंकांत आले. कलावंत आणि टाकसाळ यांच्यातील हा झगडा हाच त्या नाण्याचा खरा विषय होय. मोठ्या केलेल्या चित्रात जाडी आणि तोल नाहीसे होतात. त्यांबरोबर तो झगडाही नाहीसा होतो.

मराठी वाचकाला अधिक जवळचे उदाहरण शिवकालीन नाण्यांचे आहे. राज्याभिषेकाशी, म्हणजे १६७४ च्या प्रसंगाशी, ज्याचा संबंध जोडला जातो त्या सुवर्ण होनावर मुखवटा नाही, रथ नाही, देवताही नाही. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ एवढीच अक्षरे, आणि भोवती बिंदूंची माळ. येथे मुद्रालेख हीच आकृती आहे. सुलेखनाची नजाकत शोधणाऱ्याला ही अक्षरे ओबडधोबड वाटतील. परंतु भोवतालच्या प्रदेशात फारसी लेखाची नाणी चालत असता नागरी अक्षरांत एवढे दोन शब्द उमटविणे ही घटनाच अर्थपूर्ण होती. होनाचे मोजकेच नमुने ज्ञात आहेत. तांब्याच्या शिवराया मात्र विपुल आहेत. त्यांत चकती ठशाहून लहान असल्यामुळे एकीवर ‘श्री’ कापली जाते, तर दुसरीवर ‘ति’. शिवाय ‘शिव’च्या जागी ‘सिव’ असे लेखनभेदही आढळतात. पूर्ण लेख वाचावयाचा तर अनेक नमुने शेजारी ठेवून, हस्तलिखितांच्या प्रती ताडून पाहाव्या त्याप्रमाणे, पाठ सिद्ध करावा लागतो. सर्वांत देखण्या एकाच शिवराईचे चित्र छापणारा संग्राहक, अनेक प्रतींतून एकच प्रत निवडून बाकीच्या रद्दीत टाकणाऱ्या संपादकाच्या पंक्तीस बसतो.

स्वतंत्र भारताच्या स्मारक-नाण्यांतही हा प्रश्न उपस्थित होतो. जवाहरलाल नेहरूंच्या स्मरणार्थ १९६४ मध्ये निघालेल्या पन्नास पैशांच्या नाण्याचे दोन प्रकार आहेत: एकावर नाव नागरीत, दुसऱ्यावर रोमन लिपीत. मुखाच्या शिल्पापुरते पाहिले तर दोन्ही एकच. भाषेच्या दृष्टीने ती दोन पृथक् विधाने आहेत. राजभाषेच्या प्रश्नावरून देशात तीव्र मतभेद असताना ही दोन विधाने एकाच किमतीच्या नाण्यावर शेजारी आली, हे ज्याच्या छायाचित्रात दिसत नाही त्याच्या संग्रहात अर्धेच नाणे आहे असे म्हणावे लागते. १९९९ मध्ये संत ज्ञानेश्वर आणि छत्रपती शिवाजी यांच्या स्मरणार्थ नाणी निघाली, ती अनुक्रमे एक व दोन रुपयांची. ती बाजारात, प्रवासात, दानपेटीत फिरली. पुढे मोठ्या दर्शनी किमतीची, केवळ संग्राहकांसाठी पाडलेली नाणी वाढली. रिझर्व्ह बँकेच्या अमृतमहोत्सवाचे ७५ रुपयांचे नाणे हे त्यांपैकीच. अशा नाण्याला कोणाचा हात लागत नाही. ते डबीतून थेट छायाचित्रात जाते, आणि त्याचे झिजणे, म्हणजेच लोकांच्या स्मरणात वावरणे, आरंभीच थांबते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, एवढी पाठचिकित्सा लादल्यास सौंदर्याला वावच उरत नाही. हा आक्षेप अक्षराला आकृतीहून हीन मानण्यातून उद्भवतो. वस्तुतः नागरी शिरोरेघ गोल काठाला धरून वळविणे, वेलांट्या-उकारांना अरुंद पट्टीत जागा देणे, जोडाक्षर ठशाच्या आघाताखाली बुजू न देणे, ही कोरक्याच्या कौशल्याची कठीण कसोटी आहे. तिचे सौंदर्य ज्याला दिसत नाही त्याने नाण्यातील कलेचा अर्धा भाग पाहिलेलाच नसतो.

म्हणून स्मारक-नाण्याचे छायाचित्र कलादृष्ट्याही विश्वसनीय व्हावयाचे असेल तर काही गोष्टी किमान पाळल्या पाहिजेत. दोन्ही बाजू दाखवाव्यात. मोठ्या चित्राशेजारी मूळ आकाराचे चित्र असावे. व्यास, वजन, धातू आणि प्रकाशाची दिशा नोंदवावी. काठावर लेख असल्यास त्याचे वेगळे चित्र घ्यावे. आणि लेखाचा एखादा भाग ज्यात अधिक स्पष्ट आहे असा झिजका नमुनाही देखण्या नमुन्याबरोबर छापावा. एवढे केल्याने चित्राचे सौंदर्य उणावत नाही. उलट, नाणे कोणाचे व कशाचे स्मरण देत होते हे पाहणाऱ्याला स्वतः वाचून ठरविता येते.