‘पर्व’ आणि विसावा : लोकप्रिय रिॲलिटी शोंच्या आवर्तनाचा प्रश्न

१

लोकप्रिय ठरलेला रिॲलिटी शो वर्षातून किती वेळा प्रसारित व्हावा, हा प्रश्न वरवर पाहता वाहिन्यांच्या व्यवहाराचा आहे. वाङ्मय व कला यांच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे त्यात काय आहे, अशी शंका काही वाचकांस येणे स्वाभाविक आहे. परंतु तमाशा, कीर्तन, दशावतार यांचा विचार करताना त्यांच्या प्रयोगाचा काळ व त्यांचे आवर्तन आपण विचारात घेतो. किंबहुना तो त्यांच्या रूपाचाच एक घटक मानतो. दशावताराची रात्र ग्रामदेवतेच्या जत्रेपासून वेगळी काढता येत नाही. मग ज्या प्रकाराने आज नांदेड-लातूरकडील घराघरांतील संध्याकाळ व्यापली आहे, त्याच्या आवर्तनाविषयी अभ्यासकाने मौन का पाळावे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार व्यापाराच्या अंगाने न करता रूपाच्या अंगाने करावयाचा आहे.

प्रारंभी एका शब्दाकडे लक्ष वेधणे इष्ट होईल. अशा कार्यक्रमाच्या एका मालिकेस मराठीत ‘पर्व’ म्हणण्याची रूढी पडली आहे. संस्कृतात ‘पर्वन्’ म्हणजे वेळूचे अथवा उसाचे सांधे. ज्यास शेतकरी पेर म्हणतो ते. त्यावरून अमावास्या-पौर्णिमांसारखे काळाचे सांधे, पुढे सण, आणि महाभारताचे अठरा विभाग, असा अर्थाचा विस्तार झाला. या सर्व अर्थांत एक गोष्ट समान आहे. दोन सांध्यांमध्ये अंतर असते, म्हणूनच सांधा सांधा म्हणून ओळखू येतो. केवळ सांध्यांचाच बनलेला ऊस असू शकत नाही. वाहिन्यांनी शब्द उचलला तो अचूक. त्यात गृहीत असलेले अंतर मात्र त्यांच्याकडून पुष्कळदा विसरले जाते.

२

‘वर्षातून किती पर्वे’ हे माप सामान्यतः वापरले जाते. तथापि ते फसवे आहे. अमेरिकेतील ‘सर्व्हायव्हर’ हा कार्यक्रम २००० साली सुरू झाला आणि पुढील वर्षापासून, महामारीचा खंड वगळता, प्रायः वर्षाला दोन पर्वे या गतीने चालत राहिला. दोन पर्वे वर्षानुवर्षे चालू शकतात याचा पुरावा म्हणून त्याचे उदाहरण दिले जाते. परंतु त्याचा भाग आठवड्यातून एकदा येतो. एका पर्वाचे असे तेरा-चौदा भाग धरले तर दोन पर्वांच्या रात्री तीसच्या आतच भरतात. याउलट ‘बिग बॉस मराठी’चे पहिले पर्व १५ एप्रिल २०१८ रोजी सुरू होऊन २२ जुलै रोजी संपले. ते दररोज घरात येत होते. म्हणजे वर्षातून एकच पर्व असूनही त्याच्या रात्री शंभराच्या आसपास झाल्या. एकाची दोन पर्वे दुसऱ्याच्या एका पर्वाच्या तिसऱ्या हिश्श्यालाही पुरत नाहीत. म्हणून मोजावयाच्या त्या पर्वांच्या संख्या नव्हेत, तर रात्री. आणि त्या रात्रींनंतरचा विसावा.

रात्रींच्या अतिरेकाचे ठळक उदाहरण प्रश्नमंजूषेच्या प्रकारात सापडते. ‘हू वाँट्स टू बी अ मिलिअनेअर’ अमेरिकेत ऑगस्ट १९९९ मध्ये दोन आठवड्यांचा एक प्रसंग म्हणून अवतरला. लोकांनी तो उचलून धरताच वाहिनीने तो आठवड्यातून तीन-चार, आणि कधी त्याहूनही अधिक रात्री दाखविला. २००२ साली तो त्या वाहिनीच्या मुख्य वेळेतून गेला. जो प्रसंग होता त्याची सवय करण्यात आली, आणि सवय झाल्यावर त्यातील प्रसंगत्व उरले नाही. आपल्याकडील ‘कौन बनेगा करोडपती’ ३ जुलै २००० रोजी सुरू झाला तोही आठवड्यातून चार रात्री, आणि २००१ च्या अखेरीपर्यंत चालला. त्यानंतर मात्र तो २००५ पर्यंत दिसला नाही. पुढे सोनी वाहिनीवर तो वर्षातून एका ठराविक हंगामात येऊ लागला. २०१५ व २०१६ ही दोन वर्षे तर तो आलाच नाही, आणि २०१७ मध्ये परतला तेव्हा त्याचे स्वागतच झाले. एकाच साच्याच्या या दोन चरित्रांतील भेद साच्याने नव्हे, तर विसाव्याने घडविला आहे.

३

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. झी मराठीवरील ‘होम मिनिस्टर’ हा कार्यक्रम २००४ साली सुरू होऊन २०२२ पर्यंत चालला. तो आठवड्यातील बहुतेक सर्व दिवशी येई. विसाव्यावाचून कार्यक्रम मरतो हे खरे असेल, तर अठरा वर्षे तो जगला कसा?

या आक्षेपाचे उत्तर आपल्या परंपरेतील नित्य आणि नैमित्तिक या जुन्या भेदात मिळते. सायंकाळी देवापुढे दिवा लावणे हे नित्य. माळेगावच्या खंडोबाची यात्रा हे नैमित्तिक. रोज दिवा लावल्याने दिव्याचे महत्त्व कमी होत नाही. यात्रा मात्र रोज भरली तर ती बाजार होईल. ‘होम मिनिस्टर’ची प्रत्येक संध्याकाळ स्वतंत्र व पूर्ण होती. पाहुणा घरी येतो, बोलतो, खेळ मांडतो, पैठणी देतो आणि निरोप घेतो. काल काय झाले हे ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाचे आज काहीच अडत नव्हते. कोणी बाद होऊन कायमचे दृष्टीआड जात नव्हते. तो नित्य प्रकारचा कार्यक्रम होता, आणि नित्याला विसावा लागत नाही. लागते ते सातत्य.

‘बिग बॉस’ अथवा ‘सा रे ग म प’ यांची रचना याहून वेगळी आहे. तेथे प्रवेश आहे, संघर्ष आहे, क्रमाक्रमाने होणारी गळती आहे आणि अंती एक विजेता आहे. ही नाट्याची रचना आहे. शेवट हा ज्या रचनेचा प्राण आहे, तिच्यात शेवटानंतरची शांतताही रचनेचाच भाग ठरते. पडदा पडताच तो पुन्हा उघडला तर मागील अंकाचा परिणाम प्रेक्षकाच्या मनात स्थिर होत नाही. तमाशाचा फड दसऱ्यास बाहेर पडतो आणि वैशाखाच्या सुमारास परततो. पावसाळ्यात तो विसावतो. या विसाव्यात नवा वग बसतो, जुन्याची डागडुजी होते. राज्य नाट्यस्पर्धा १९५४ पासून वर्षातून एकदाच होते, याचे कारण केवळ शासकीय सोय हे नव्हे. नाटक लिहिण्यास, बसविण्यास आणि पाहिलेले मनात मुरण्यास वेळ लागतो.

४

हा मुरण्याचा वेळ कशाने ठरतो, हे समजण्यास फार दूर जाण्याचे कारण नाही. नांदेडहून नागपूरकडे जाताना अर्धापूर लागते, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांस केळीच्या बागा दिसतात. लावलेल्या कंदापासून पहिला घड मिळण्यास साधारण वर्ष लागते. घड उतरविल्यावर बुंध्याशी आलेले एक पिल राखले म्हणजे दुसरे पीक पहिल्याहून लवकर येते. लागवडीचा खर्चही वाचतो. या खोडव्याचा मोह कोणास होत नाही? परंतु खोडव्यामागून खोडवा घेत गेल्यास घड लहान होत जातो, रोगकीड बळावते, आणि अखेर बाग मोडून रानाला पालट द्यावा लागतो. अर्धापूरच्या बागायतदारास हे सांगावे लागत नाही.

वाहिनीचा साचा हाही एक कंदच आहे. घर उभारलेले आहे, नियम ठरलेले आहेत, सूत्रधार परिचित आहे. म्हणून दुसरे पर्व पहिल्याहून स्वस्तात व लवकर निघते. पण साचा पुन्हा वापरता येतो तशी माणसे पुन्हा वापरता येत नाहीत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी मातृभाषा असणाऱ्यांची संख्या सुमारे ८.३ कोटी आहे. हिंदीची ५२ कोटींहून अधिक आहे. हिंदी कार्यक्रमाने ज्या वेगाने गायक अथवा स्पर्धक वेचावेत, त्याच वेगाने मराठीनेही वेचू म्हटले, तर रान लवकर निकस होणार हे उघड आहे.

या संदर्भात लातूरचे एक उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’च्या २००९ मध्ये संपलेल्या पर्वात कार्तिकी गायकवाड विजयी झाली, तिच्याबरोबर आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे आणि लातूरचा रोहित राऊत ही शालेय वयाची मुले अंतिम फेरीत होती. ही पाच नावे आज इतक्या वर्षांनीही लोकांच्या ओठांवर आहेत. पुढे २०२० च्या प्रारंभी संपलेल्या ‘इंडियन आयडल’च्या अकराव्या पर्वात रोहित राऊत उपविजेता ठरला, आणि २०२१ मध्ये हीच पाच मुले, आता तरुण गायक होऊन, ‘लिटिल चॅम्प्स’च्या परीक्षकांच्या आसनावर बसली. मधली अकरा-बारा वर्षे ही आवाज फुटण्याची, शिकण्याची, कार्यक्रम करण्याची वर्षे होती. २००९ नंतर दर सहा महिन्यांनी नवी पाच बालके त्याच ओट्यावर उभी केली असती, तर ही पाच नावे कोणाच्या लक्षात राहिली असती? प्रेक्षकाची स्मृती हीदेखील मर्यादित जमीन आहे. तिच्यात नवे रोप लावावयाचे तर आधीचे उपटावे लागते.

माणसांच्या सहवासावर चालणाऱ्या कार्यक्रमात हे अधिक तीव्रतेने जाणवते. ‘बिग बॉस मराठी’चे चौथे पर्व ८ जानेवारी २०२३ रोजी संपले आणि पाचवे २८ जुलै २०२४ रोजी सुरू झाले, मध्ये सुमारे दीड वर्षाचा विसावा गेला. पाचवे पर्व ७० दिवसांतच आटोपले. त्या पर्वाची चर्चा गावोगावी झाली. अर्थात तिचे सर्व श्रेय विसाव्यास देणे शास्त्रीय होणार नाही. सूत्रधार बदलला होता. महेश मांजरेकर यांच्या जागी लातूरचेच रितेश देशमुख आले होते, आणि बारामती तालुक्यातील एका खेड्यातून आलेला सूरज चव्हाण आपल्या रांगड्या बोलीसह घरात वावरत होता. तरीही दीर्घ खंड आणि आखूड पर्व यांनी त्या नावीन्यास जागा करून दिली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. विजयानंतर सात महिन्यांच्या आत, २५ एप्रिल २०२५ रोजी, त्याच तरुणास नायक करून चित्रपटही आला. कीर्तीचा हंगाम किती त्वरेने आटोपावा लागतो, हे यावरून दिसते. पुढील पर्वाच्या विजेत्याची चाहूल लागण्यापूर्वी मागील विजेत्यास उभे राहावयाचे असते.

५

दुसरा आक्षेप मराठवाड्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. पर्वे विरळ झाली तर मुंबई-पुण्यापासून दूर असलेल्या मुलामुलींची संधीच विरळ होईल, असे कोणी म्हणेल. अर्धापूरच्या एखाद्या गात्या मुलीला वर्षाऐवजी दोन वर्षे थांबावयास का सांगावे? या आक्षेपात तथ्य आहे, आणि तो झटकून टाकता येणार नाही. शिवाय या धंद्यावर तंत्रज्ञ, वादक, वेशभूषाकार अशा कित्येकांचा चरितार्थ अवलंबून आहे.

परंतु संधी म्हणजे केवळ उघडलेली दारे नव्हेत. घाईने उभारलेल्या पर्वास शोध घेण्यास अवधी नसतो. म्हणून ते हाताशी असलेली, आधीच परिचित माणसे घेते. खरा शोध घ्यावयाचा तर नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली येथे पुरेसे दिवस चाचण्या घ्याव्या लागतील, आणि तो वेळ विसाव्यातूनच मिळू शकेल. दोन पर्वांमधील काळ रिकामा नव्हे. तो मशागतीचा काळ आहे. वादकांच्या व तंत्रज्ञांच्या चरितार्थासाठी नित्य स्वरूपाचे कार्यक्रम वर्षभर चालावेत. त्यास प्रस्तुत विवेचनाची आडकाठी नाही.

या सर्व विचारातून काही निष्कर्ष मांडता येतील. ज्यांची प्रत्येक रात्र पूर्ण असते, अशा नित्य कार्यक्रमांस संख्येचे बंधन असण्याचे कारण नाही. प्रश्नमंजूषेची सामग्री सतत नवी होत असते, म्हणून ती वर्षातून एकदा, ठराविक हंगामापुरती यावी. प्रौढांची गायनस्पर्धा दोन वर्षांतून एकदा, आणि बालकांची तीन-चार वर्षांतून एकदा व्हावी. कारण येथे पिकणारी वस्तू आवाज आहे. माणसांना घरात कोंडून त्यांच्या स्वभावाचे दर्शन घडविणारा कार्यक्रम वर्षातून एकाहून अधिक वेळा मुळीच होऊ नये, आणि दीड वर्षाचे अंतर त्यास अधिक मानवेल. या आकड्यांविषयी मतभेद संभवतात. त्यांमागील तत्त्वाविषयी मात्र मतभेदास फारशी जागा नाही. जी सामग्री वापरावयाची, ती पुन्हा तयार होण्यास लागणाऱ्या काळाहून आवर्तनाचा काळ लहान असू नये.

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी एखादे पर्व चालू असताना आणि ते संपल्यावर सहा महिन्यांनी, आपापल्या गावी प्रेक्षकांस काय आठवते याची नोंद केल्यास या विवेचनाची पारख होऊ शकेल. सहा महिन्यांनंतर ज्या पर्वातील एकही नाव, एकही बोल गावाच्या तोंडी उरत नाही, ते पर्व झाले काय आणि न झाले काय, सारखेच. रान उभे दिसते. घड मात्र भरलेला नसतो.