दख्म्याचें छायाचित्र

मृताचें छायाचित्र काढावें कीं नाहीं, हा प्रश्न शिष्टाचाराचा समजून आपल्याकडील टीकाकार तो बहुधा बाजूस सारतात. आमच्या मतें तो कलेचाच प्रश्न आहे. चित्र कोणासाठीं काढलें हें पाहिल्यावांचून त्याचें बरेंवाईट ठरत नाहीं. उदाहरणादाखल मुंबईंतील दख्मे आणि बीड जिल्ह्यांतील वीरशैवांचा दफनविधि हीं दोनच घेतों.

मलबार टेकडीवर पारशी समाजाचे दख्मे सतराव्या शतकापासून आहेत. अग्नि, भूमि व जल यांस प्रेताचा स्पर्श होऊं नये म्हणून तेथें देह उघड्यावर ठेवितात. आंत तीन वर्तुळाकार रांगा असतात: बाहेरची पुरुषांची, मधली स्त्रियांची, आंतली मुलांची, मध्यभागीं अस्थींची विहीर. नसेसालारांवांचून आंत कोणी जात नाहीं, मृताचा पुत्रहि नाहीं. असें असतां एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गोऱ्या प्रवाशांसाठीं या जागेचीं छायाचित्रें आणि पुढें पोस्टकार्डें विकलीं गेलीं. गोल भिंत, माथ्यावर ओळीनें बसलेलीं गिधाडें, वर रिकामें आकाश! रचना म्हणून यांतील कांहीं चित्रें खरोखर देखणीं आहेत. परंतु किंमत घेतली जाते ती भिंतीपलीकडील न दिसणाऱ्या गोष्टीची. शोकाकुल माणूस त्यांत कोठेंच नाहीं.

काळानें मात्र या पोस्टकार्डांचा अर्थ फिरविला. गुरांस दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळें गिधाडें मरतात, हें २००४ सालीं सिद्ध झालें. २००६ सालीं त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर आपल्या देशांत बंदी आली. पण तोंपर्यंत शेंकडा नव्वदांहून अधिक पक्षी नाहींसे झाले होते. भयासाठीं विकलेलें चित्र आतां एका हरवलेल्या पक्ष्याची नोंद झालें आहे.

त्याच २००६ सालीं दख्म्यांतील न विरलेल्या देहांचीं छायाचित्रें समाजांतीलच एका बाईंनीं प्रसिद्धीस आणलीं व मोठा क्षोभ उसळला. तीं पाहवत नाहींत, आणि मृतांचा एकांत मोडला हा आक्षेप खोटा नव्हे. तरीहि त्यांत आपल्याच माणसांविषयींची तळमळ होती. पोस्टकार्डांत ती नव्हती. सूनी तारापोरवाला यांच्या २००० सालच्या पारशांवरील ग्रंथांतहि आपलेपणाचीच नजर आहे, पण ती जगण्याकडे वळलेली.

आतां बीड. मन्मथस्वामींच्या कपिलधारेमुळें हा जिल्हा वीरशैवांस पूज्य आहे. त्यांच्यांत मृतास अग्नि देत नाहींत. देहास स्नान घालून, विभूति लावून बैठा ठेवितात, तळहातीं इष्टलिंग देतात, आणि उघड्या विमानांतून वाजतगाजत नेऊन बैठाच भूमींत ठेवितात. फुलांनीं सजविलेल्या त्या मूर्तीभोंवतीं घरचीं माणसें बसवून छायाचित्र घेण्याची चाल कित्येक कुटुंबांत पडली. कृष्णधवल फिल्मनें मृत्यूस गांभीर्य येतें, असें म्हणण्याची टूम आहे. आम्हांस ती पटत नाहीं. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे. तीवर गुलाल व कुंकू काळें उमटे आणि विभूति तेवढी झळके. हा रसायनाचा गुण झाला. गांभीर्य येतें तें माणसांमुळें. सर्वांची नजर सरळ कॅमेऱ्याकडे. पोर आजीच्या गुडघ्याला टेकलेलें. रचना ओबडधोबड, कडेचा एखादा माणूस अर्धा कापलेला. पण हें चित्र मागविलें घरच्यांनीं आणि लागलेंहि घरच्याच भिंतीवर. म्हणूनच त्या देखण्या पोस्टकार्डांहून आम्ही यास वरचें स्थान देतों.

जन्मांत कधीं कॅमेऱ्यापुढें न बसलेल्या म्हातारीचें तें एकच चित्र असे. अशा वेळीं जुन्या स्टुडिओंतील कारागीर तेवढाच चेहरा मोठा करीत आणि मिटलेल्या पापण्यांवर कुंचल्यानें डोळे काढून देत. छायाचित्रांत हात फिरविणें आम्हांस एरव्हीं मुळींच खपत नाहीं. या डोळ्यांस मात्र आमची हरकत नाहीं.