शेजारच्या काकांचा सूड

पहिल्यांदा हा चित्रपट पाहिला तेव्हा मी इंग्रजी सबटायटल्सच्या भरवशावर होतो. त्यांत ती लहान मुलगी नायकाला 'मिस्टर' म्हणत होती. दुसऱ्यांदा पाहिला तो पुतणीबरोबर, रत्नागिरीच्या घरी, श्रावणातल्या एका दुपारी. दोन वर्षं झाली, ती स्वतःच्या हौसेनं कोरियन शिकतेय. तिच्या वह्यांची मागची पानं त्या गोल-चौकोनी अक्षरांनी भरलेली असतात. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील, तिनं रिमोट उचलून चित्र थांबवलं. म्हणाली, "काका, ती 'मिस्टर' म्हणतच नाहीये. ती त्याला 'काका' म्हणतेय."

मग आम्ही तो परत पहिल्यापासून लावला.

२०१० साली आलेल्या या चित्रपटाचं कोरियन नावच मुळी तेवढं आहे: 'आजॉश्शी'. शेजारचे, दुकानातले, रस्त्यात भेटलेले काका. सख्ख्या चुलत्याला कोरियनमध्ये वेगळा शब्द आहे. दिग्दर्शक ली जाँग-बम, नायक वॉन बिन. जगभर मात्र तो 'द मॅन फ्रॉम नोव्हेअर' म्हणून गेला, म्हणजे ठावठिकाणा नसलेला माणूस. या नावानं चित्रपटाचं तोंडच उलट्या दिशेला फिरवलं, असं मला वाटतं. त्या माणसाला ठावठिकाणा आहे. पलीकडच्या दारातली एक पोरगी त्याला रोज हाक मारते, तोच त्याचा ठावठिकाणा.

चा थे-शिक हा एका जुनाट इमारतीत गहाणवटीचं दुकान चालवतो. तो पूर्वी गुप्तचर खात्यात होता आणि त्याची गरोदर बायको त्याच्या डोळ्यांदेखत मारली गेली, हे आपल्याला फार उशिरा कळतं. शेजारी राहणाऱ्या सो-मीची आई व्यसनी आहे. पोरीला घरात जागा नसते तेव्हा ती याच्या दुकानात येऊन बसते. पुढे आई आणि मुलगी दोघींना मादक द्रव्यांचा आणि मानवी अवयवांचा धंदा करणारी टोळी पळवते आणि हा गप्प माणूस बाहेर पडतो. कथा एवढीच, आणि अशा कथा पूर्वीही झाल्या आहेत. फरक पडतो तो आधीच्या एका छोट्या प्रसंगानं.

सो-मीवर चोरीचा आळ आलाय. भर रस्त्यात एक बाई तिच्यावर ओरडतेय, पोलीस तिच्या घरच्यांची चौकशी करतोय. पोरगी थे-शिककडे बोट दाखवते, हे माझे बाबा म्हणून. तो एक क्षण थांबतो आणि मान वळवून निघून जातो. संध्याकाळी गल्लीत दोघं भेटतात. ती भांडत नाही. हिशेब मांडल्यासारखी बोलते. तुम्हालाही माझी लाज वाटते ना, काका? वर्गातल्या मुलांना वाटते, बाईंना वाटते. आई तर म्हणते, हरवलीस तर पत्ता माहीत नाही म्हणून सांग. मला भिकारी म्हणून चिडवणाऱ्या त्या जाड्यापेक्षा तुम्ही वाईट आहात. तरी मी तुमच्यावर राग धरणार नाही. तुमच्यावरही धरला तर मला आवडणारं कुणीच उरणार नाही.

या बोलण्यात 'आजॉश्शी' पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी त्याचं वजन वेगळं असतं. सुरुवातीला साधं संबोधन. मधे आरोप. शेवटी जवळजवळ विनवणी. आणि हे बहुतांशी ती आदरार्थी क्रियापदांत बोलते. आपल्याकडची मुलगीही शेजारच्या काकांवर रागावली तरी 'तुम्ही'च म्हणेल. 'मिस्टर'मध्ये यातलं काही मावत नाही. सो-मीचं काम करणारी किम से-रॉन तेव्हा अवघी दहा वर्षांची होती.  २०२५च्या फेब्रुवारीत, चोविसाव्या वर्षी ती गेली. आता तो प्रसंग पाहताना मला मधेच थांबावं लागतं.

आता त्या शब्दाच्या अक्षरांविषयी, कारण माझी चूक तिथूनच सुरू झाली होती. कोरियन सरकारनं २०००मध्ये ठरवलेल्या रोमन पद्धतीत तो ए-जे-ई-ओ-एस-एस-आय असा लिहितात. आपण तो 'अजिओस्सी' वाचतो. मी तसाच वाचला होता. त्यातला 'ई-ओ' हा जोडस्वर नाहीच. आपला 'अ' आणि 'ऑ' यांच्या मधला एक स्वर आहे आणि त्याला रोमनमध्ये घर नाही. मॅक्यून आणि रायशॉवर या दोघांच्या १९३०च्या दशकातल्या पद्धतीत 'ओ'च्या डोक्यावर चंद्रकोर काढत, आपल्या 'ऑ'वर असते तशी. टंकताना आणि संगणकावर ती कोर गळून पडायची, म्हणून ती सोडून दोन अक्षरं आली. चाहते तिसरंच करतात: इंग्रजी 'कट'मधला 'यू' घालतात, तो आपण 'उ' वाचतो आणि 'आजुश्शी' म्हणून मोकळे होतो.

पण शेवटच्या 'श्शी'ला मराठी माणूस अडखळायचं कारण नाही. कोरियन 'स' पुढे 'इ' आला की 'श' होतो. हिंदीत 'सीना', मराठीत 'शिवणं'. हिंदीत 'सींचना', मराठीत 'शिंपणं'. हिंदीत 'सीझना', मराठीत 'शिजणं'. 'इ'च्या अलीकडे 'स'ला 'श'कडे ओढायची खोड आपल्या जिभेला शतकानुशतकं आहे. हे मी पुतणीला सांगितलं तेव्हा तिनं वहीत तीनही जोड्या लिहून घेतल्या आणि शेजारी तो कोरियन शब्द काढला. रोमनच्या वळशानं न जाता कोरियन शब्द थेट देवनागरीत आणले तर निम्मे प्रश्न मिटतील, असं माझं ठाम मत आहे. रोमनमुळेच आपण पार्क चान-वूक लिहितो. 'ओल्डबॉय'च्या त्या दिग्दर्शकाच्या आडनावात 'र' मुळात नाही. ज्या इंग्रजांच्या तोंडी असा 'र' विरून जातो, त्यांच्या लेखनातून तो शिरला. वर ज्यांना मी 'ली' म्हटलं त्यांचं आडनावही कोरियात नुसतं 'ई' आहे.

रत्नागिरीकराला हे नवं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कागदांत आपलं गाव आर-यू-टी-एन-ए-जी-एच-ई-आर-आर-वाय असं सापडतं. हंटर यांच्या लिप्यंतर पद्धतीनं पुढे अशी नावं सरळ केली. आणि १८८६पासून १९१६मध्ये मरेपर्यंत इथे नजरकैदेत राहिलेल्या ब्रह्मदेशाच्या राजाचं नाव त्याच्या भाषेत 'थीबॉ'च्या जवळचं होतं; आपण त्याला थिबा केलं आणि त्याच्या राजवाड्यालाही तेच नाव दिलं. कोरियातलं पुसान शहर २०००मध्ये रोमनमध्ये बुसान झालं, तरी तिथल्या प्रसिद्ध चित्रपट महोत्सवानं 'पी' सोडून 'बी' घ्यायला २०११ उजाडावं लागलं.

'आजॉश्शी' भारतात आला तो एका मराठी माणसाच्या हातून. 'डोंबिवली फास्ट' करणाऱ्या निशिकांत कामतांनी २०१६मध्ये त्याचा अधिकृत हिंदी रिमेक केला, 'रॉकी हँडसम'. जागा गोव्याची, नायक जॉन अब्राहम, आणि खलनायकाच्या भूमिकेत खुद्द कामत. मारामारीची आखणी त्यांनी मन लावून केली आहे, शेवटची सुरीची झुंज मुळाच्या अगदी जवळ जाते. पण इथली मुलगी शेजाऱ्याला 'हँडसम' म्हणते. मला ते बोचलं. ते त्याच्या रूपाचं कौतुक झालं. 'काका' म्हणणारी पोर नातं मागत असते. डोंबिवलीचा माधव आपटे ज्यांनी उभा केला, ज्यांना चाळीतला, लोकलमधला माणूस आतून ठाऊक होता, त्या कामतांच्या कानाला हा शब्द किती ओळखीचा असणार! आपट्यांचा राग सगळ्या व्यवस्थेवर होता. थे-शिकला व्यवस्थेचं काही देणंघेणं नाही. एकदा ओळख नाकारली होती, ती परत द्यायची आहे त्याला.

म्हणून मला या सूडपटाचं शिखर त्या प्रसिद्ध झुंजीत दिसत नाही, ते झुंजीनंतर येतं. सो-मी मेली असं समजून त्यानं सगळ्यांना संपवलंय आणि पिस्तूल स्वतःच्या डोक्याला लावलंय. अंधारातून ती चालत येते, चेहरा मळलेला. विचारते, काका, मला सोडवायला आलात ना? ती पुढे येऊ लागते तसा तो म्हणतो, येऊ नकोस, रक्त लागेल. इतका वेळ ज्या रक्तानं पडदा माखला होता, त्याचा आता एकच अर्थ उरतो: पोरीच्या अंगाला लागेल. आई म्हणते ना, हात तेलाचे आहेत, फ्रॉकला लागतील, तसं.

मग त्याला घेऊन जाणारी पोलिसांची गाडी त्याच्या विनंतीवरून एका दुकानाशी थांबते. तो तिच्यासाठी दप्तर घेतो, वह्या घेतो. आता एकटीनं उभं राहायचं, असं सांगतो. त्या दिवशी ओळख का दाखवली नाही, तेही सांगतो: फार ओळख दाखवावीशी वाटली की माणूस ओळख नसल्यासारखं करतो. तिला ते कळत नाही. मलाही नीट कळत नाही, असं तो म्हणतो. तुम्हाला हसताना पहिल्यांदाच बघतेय काका, ती म्हणते. एकदाच जवळ घेऊ दे, तो म्हणतो. ती त्याच्या गळ्यात पडते, आणि त्याचा तो इतका वेळ दगडासारखा राहिलेला चेहरा तिच्या खांद्यावर फुटतो.

पुतणीनं या वेळी सबटायटल्स बंद केली होती.